कन्सॉर्टियममध्ये शिरण्याआधी: दुखणं कुणाचं, डबा कुणाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातली चारशे माणसांची कंपनी गाड्यांच्या सिम्युलेशनसाठी लागणारं सॉफ्टवेअर करते. आइंडहोव्हनला तिची सहा जणांची उपकंपनी आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका जर्मन कंपनीने त्यांना ‘आयटीईए’ या सॉफ्टवेअर-संशोधनाच्या युरोपीय कार्यक्रमातल्या एका प्रकल्पात भागीदार व्हायचं निमंत्रण दिलंय. विचारणाऱ्यांचं म्हणणं, “हे खरंच संशोधन आहे की सरकारी पैशावर कागद रंगवणं? पैसे किती सुटतात? आणि आमचा कोड कुणाच्या घशात जाणार?”

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. मी गेली सोळा वर्षं नेदरलँड्समध्ये आहे आणि अशा पाच प्रकल्पांत काम केलंय. दोन उत्तम झाले, दोन बरे होते, आणि एकाचा शेवटचा अहवाल लिहिताना माझी मलाच लाज वाटत होती. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी हे प्रकरण काय आहे ते बघू, कारण पुण्याहून बोलताना बहुतेक जण याला ‘ईयूचं अनुदान’ म्हणतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. युरोपियन युनियनचा संशोधनाचा मोठा कार्यक्रम म्हणजे ‘होरायझन युरोप’. २०२१ ते २०२७ साठी साधारण ९५ अब्ज युरोंचा. तिथे विषय ब्रुसेल्समध्ये ठरतात, कार्यक्रमपत्रिकेत छापून येतात, आणि आपण त्यावर अर्ज करतो. एका अर्थी प्रश्नपत्रिका त्यांची. आयटीईए त्या झाडाची फांदीच नव्हे. ते ‘युरेका’च्या छत्राखाली येतं. युरेका १९८५ मध्ये पॅरिसला जन्माला आलं, फ्रान्सचे अध्यक्ष मित्तराँ यांच्या पुढाकाराने, आणि ते देशादेशांमधलं जाळं आहे. म्हणूनच तुर्कस्तान, कॅनडा, दक्षिण कोरिया यांच्या कंपन्याही त्यात दिसतात. सॉफ्टवेअरसाठी युरेकाने १९९८ च्या सुमारास जो गट उभा केला तो आयटीईए. फिलिप्स, सीमेन्स, थेल्स अशा कंपन्यांनी तो रेटला. सध्या त्याची चौथी आवृत्ती चालू आहे. कार्यालय तुमच्या उपकंपनीच्याच गावात आहे, म्हणजे चहा प्यायला जाता येईल, आणि जाच.

इथे विषय उद्योग सुचवतो. शरद ऋतूत सगळे एका ठिकाणी जमतात, ज्याच्याकडे कल्पना आहे तो उभा राहून काही मिनिटांत ती मांडतो, मग कोण कुणाबरोबर बसणार याची जुळवाजुळव सुरू होते. आधी छोटा आराखडा, तो पसंत पडला तर हिवाळ्यात सविस्तर प्रस्ताव. किमान दोन देशांतले, एकमेकांशी मालकीचा संबंध नसलेले भागीदार लागतात. प्रकल्प बहुधा तीन वर्षांचा. प्रस्ताव तज्ज्ञांच्या चाळणीतून पार झाला की ‘लेबल’ मिळतं. लेबल म्हणजे शिक्का. त्याच्यासोबत एक युरोही येत नाही. याच्याकडे परत येतो.

‘उद्योगाच्या नेतृत्वाखाली’ या शब्दांवर भाळून जाऊ नका, हेही आत्ताच सांगून टाकतो. नेतृत्व उद्योगाचं असतं म्हणजे मोठ्या उद्योगाचं असतं. सहा जणांची उपकंपनी अजेंडा ठरवत नाही. पण मोठ्याचं खरंच काही दुखत असेल तर लहानाला तिथे जी जागा मिळते, ती एरवी दहा वर्षं त्याच्या खरेदी विभागाचे उंबरठे झिजवून मिळत नाही. माझा सगळा अनुभव एवढ्यावर येऊन थांबतो: खोलीत असा एक तरी माणूस हवा, ज्याचं काम या प्रश्नामुळे रोज अडतंय. तो असेल तर प्रकल्प चालतो. नसेल तर कितीही प्राध्यापक गोळा करा.

तुम्ही सिम्युलेशनवाले आहात म्हणून उदाहरण तुमच्याच घरातलं घेतो. तुमचं सॉफ्टवेअर ज्या ‘एफएमयू’ फायली, म्हणजे एका साधनातलं मॉडेल दुसऱ्याला देण्यासाठीच्या फायली, वाचतं आणि लिहितं, त्या अशाच एका प्रकल्पातून आल्या.

२००८ च्या आधीची स्थिती आठवा. मोटार कंपनीला अख्ख्या गाडीचं सिम्युलेशन हवं. गिअरबॉक्सवाला आपलं मॉडेल एका साधनात करतो, इंजिनवाला दुसऱ्यात, हायड्रॉलिक्सवाला तिसऱ्यात, नियंत्रणाचं सॉफ्टवेअर चौथ्यात. दर दोन साधनांमध्ये वेगळा पूल बांधायचा. दहा साधनं असतील तर पंचेचाळीस पूल, आणि कुणीही नवी आवृत्ती काढली की त्याचे नऊ पूल कोसळणार. हे दुखणं होतं मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलरचं. पुरवठादारांचं दुखणं वेगळं होतं: मॉडेल द्यावं तर आतली समीकरणं, म्हणजे वीस वर्षांची कमाई, समोरच्याच्या हातात. न द्यावं तर ऑर्डर जाते.

डाइमलरच्या पुढाकाराने ‘मोडेलिसार’ हा आयटीईए-२ चा प्रकल्प जुलै २००८ मध्ये सुरू झाला. समन्वयक फ्रान्सची सॉफ्टवेअर कंपनी दासो सिस्तेम्स. भागीदारांत ड्रेस्डेनची आयटीआय, बर्लिनची क्यूट्रॉनिक, जर्मन अवकाश संशोधन संस्था डीएलआर, फ्राउनहोफरच्या संस्था, हाले विद्यापीठातले गणिती. यातल्या सॉफ्टवेअर कंपन्या बाजारात एकमेकींच्या ग्राहकांवर टपून बसलेल्या. दासोने ‘डायमोला’ हे सिम्युलेशनचं साधन बनवणारी स्वीडनच्या लुंडमधली डायनासिम २००६ मध्येच विकत घेतली होती, आणि आयटीआयचं ‘सिम्युलेशनएक्स’ तिच्याशी थेट झुंजत होतं. तरी दोघांचे अभियंते एका मेजावर बसून लिहीत होते. २०११ मध्ये ड्रेस्डेनला ‘मोडेलिका’ या मॉडेलिंगच्या भाषेची परिषद झाली, तिथे या प्रकल्पातून निघालेल्या मानकावरचा जो निबंध वाचला गेला, त्याच्या लेखकांच्या यादीत हे सगळे एकत्र सापडतात.

त्यांनी काय केलं? एकच मोठं साधन बांधायच्या फंदात कुणी पडलं नाही. त्यांनी फक्त साधनांमधला दरवाजा बांधला. ‘फंक्शनल मॉक-अप इंटरफेस’, एफएमआय. पहिली आवृत्ती जानेवारी २०१० मध्ये आली, म्हणजे प्रकल्प सुरू झाल्यावर दीडच वर्षात.

एकदा कुठल्याही एफएमयू फायलीचं शेपूट बदलून ‘झिप’ करा आणि उघडा. आत एक एक्सएमएल फाइल, तिच्यात प्रत्येक चलाचं नाव, क्रमांक, ते आत येणारं की बाहेर जाणारं, अशी माहिती. शेजारी एक फोल्डर, त्यात विंडोज किंवा लिनक्ससाठी कंपाइल केलेली लायब्ररी. ती लायब्ररी सी भाषेतली ठरलेली फंक्शनं ओळखते: सुरू हो, ही किंमत घे, एक पाऊल पुढे जा, तुझी किंमत दे. समीकरणं सहसा बायनरीत बंद. पुरवठादाराला जे झाकायचं होतं ते झाकलं गेलं, आणि डाइमलरला जे जोडायचं होतं ते जोडता आलं. दोघांची दुखणी एकाच फायलीत मिटली. एफएमआय टिकलं ते या कारणाने. निव्वळ तांत्रिक सुबकतेत त्याहून देखणी मानकं कपाटात पडून आहेत.

दुसरं कारण प्रकल्प संपल्यानंतरचं. डिसेंबर २०११ मध्ये मोडेलिसार संपला. बहुतेक प्रकल्पांचं यापुढे काय होतं, ठाऊक आहे? वेबसाइट दोन वर्षं चालते, मग डोमेनचे पैसे भरायला कुणी उरत नाही. इथे मानकाची देखभाल मोडेलिका असोसिएशनने घेतली. २००० पासून स्वीडनच्या लिंकपिंगमध्ये नोंदलेली ही ना-नफा संस्था आधीपासून उभी होती, तिला सभासद होते, बैठकांची सवय होती. म्हणून २०१४ मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि २०२२ मध्ये तिसरी, ज्यात आभासी ईसीयूसाठी, म्हणजे गाडीतल्या नियंत्रक संगणकाच्या सॉफ्टवेअर-प्रतिरूपासाठी, लागणारी घड्याळं आली. आज दीडशेहून जास्त साधनं एफएमआय बोलतात. त्याच वाटेने पुढे ग्राझच्या व्हर्च्युअल व्हेइकलच्या पुढाकाराने ‘अकोसार’ प्रकल्प झाला, बॉशच्या समन्वयाने ‘एम्फिसिस’ झाला, आणि त्यांचीही मानकं याच असोसिएशनच्या अंगणात येऊन विसावली.

हे सगळं ऐकायला गोड वाटतं, म्हणून त्याची कडू बाजू सांगतो. मी होतो अशा एका प्रकल्पात पहिल्या जुळणीच्या दिवशी आम्ही ट्रकचं मॉडेल आणि ब्रेकचं मॉडेल जोडलं. दोन्ही एफएमयू नियमांत बसणारे, तपासणीच्या साधनातून पास झालेले. ब्रेक दाबला, ट्रक थांबेना. आलेख बघतोय, दाब वाढलेला दिसतोय, आणि गाडी मजेत ताशी ऐंशीने चाललीये. तीन तास तीन कंपन्यांचे लोक आपापल्या सॉल्व्हरवर, म्हणजे समीकरणं सोडवणाऱ्या कोडवर, संशय घेत होते. शेवटी एका पोरसवदा इंजिनिअरने विचारलं, “हा दाब कशात आहे?” ब्रेकवाले बारमध्ये देत होते, ट्रकवाले पास्कलमध्ये घेत होते. एक बार म्हणजे एक लाख पास्कल. ऐंशी बारचा दाब ट्रकला ऐंशी पास्कल वाटत होता, म्हणजे ब्रेकच्या पेडलवर माशी बसावी तसा. एक्सएमएलमध्ये एकक लिहायची सोय होती, सक्ती नव्हती, आणि दोघांनीही लिहिलं नव्हतं. तीन वर्षांच्या त्या प्रकल्पातून आमच्या हाती लागलेली सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे त्या दिवसानंतर लिहिलेला चार पानांचा करार: कुणी काय, कोणत्या एककात, किती मिलिसेकंदांनी द्यायचं. अनुदानाच्या अहवालात त्याला अर्धी ओळ मिळाली.

तेव्हा ‘संशोधन की कागद’ याचं उत्तर: दोन्ही. प्रमाण तुमच्या खोलीत कोण बसलंय त्यावर ठरतं.

आता पैसे. लेबलला पैसे नसतात, तर येतात कुठून? प्रत्येक भागीदार आपापल्या देशाच्या सरकारकडे जातो. डच भागीदार आरव्हीओकडे, फिन्निश बिझनेस फिनलंडकडे, स्पॅनिश सीडीटीआयकडे, स्वीडिश व्हिनोव्हाकडे, तुर्की ट्युबिटाककडे. ही डबापार्टी आहे. कुणी भाकरी आणायची, कुणी पिठलं, कुणी ठेचा, असं आधी ठरतं, पण प्रत्येकाच्या घरचा गॅस वेगळा. आणि ज्याच्या घरचा गॅस संपला तो येत नाही.

माझ्या त्या लाजिरवाण्या प्रकल्पात नेमकं हेच घडलं. सहा देश होते, लेबल झोकात मिळालं. एका देशाच्या अनुदान कार्यालयाने आठ महिने लावले आणि मग नकार कळवला. त्या देशातल्या भागीदाराकडेच चाचणीसाठीचं यंत्र होतं. बाकीचे पाच देश आपापले करार करून बसलेले, पगार सुरू झालेले. आम्ही तीन वर्षं चाचणीयंत्राविना चाचणीच्या पद्धतीवर काम केलं. भाकरी नाही आणि पातेलंभर पिठलं. प्रस्तावात आम्ही कुणीही ‘हा भागीदार गळाला तर काय’ हे प्रामाणिकपणे लिहिलं नव्हतं, जोखमीच्या तक्त्यात ‘शक्यता कमी’ असं ठोकून दिलं होतं. त्यातला एक ठोकणारा मी.

किती टक्के मिळतात? वरची मर्यादा युरोपियन युनियनच्या राज्य-साहाय्य नियमांनी घातलेली आहे. काम ‘औद्योगिक संशोधन’ मानलं गेलं तर खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत, ‘प्रायोगिक विकास’ म्हणजे बाजाराच्या जवळचं असेल तर २५ पर्यंत. कंपनी मध्यम असेल तर १० टक्के वाढीव, छोटी असेल तर २०. देशोदेशीच्या भागीदारांबरोबर खरं सहकार्य असेल तर आणखी १५. एकूण ८० च्या वर नाही. या मर्यादा आहेत, हक्क नव्हेत. प्रत्येक देश त्याच्या आत आपले आकडे ठरवतो आणि ते बहुधा खालीच असतात.

इथे तुमच्यासाठी खड्डा आहे, नीट वाचा. तुमच्या जर्मन मित्राने बहुतेक सांगितलं असेल की तुमची डच कंपनी सहा जणांची, म्हणजे छोटी, म्हणजे वाढीव टक्के. चूक. छोटी-मध्यम ठरवताना मालक कंपनीची माणसं आणि उलाढाल मोजली जाते, ती युरोपबाहेर असली तरी. सीमा आहे २५० माणसांची. पुण्याचे चारशे धरले की तुम्ही ‘मोठी कंपनी’, डाइमलरच्या रांगेत. वाढीव टक्के शून्य. हे अर्जात चुकीचं लिहिलं आणि तपासणीत सापडलं तर पैसे व्याजासकट परत जातात.

दुसरा खड्डा त्याहून खोल. तुमची कोअर टीम पुण्यात आहे. नेदरलँड्सचं सरकार नेदरलँड्समध्ये होणाऱ्या कामाला पैसे देतं. पुण्यातल्या इंजिनिअरचा पगार त्यात बसवता येत नाही. भारत युरेकात नाही. पुण्याची कंपनी थेट भागीदार झालीच तर स्वतःच्या खिशातून. (होरायझनमध्येही भारतीय संस्थेला आपोआप अनुदान मिळत नाही, तिथे भाग घेता येतो.) म्हणजे आइंडहोव्हनच्या सहा जणांत खरोखर सॉल्व्हरवर काम करणारे किती, हा प्रश्न आहे. माझा अंदाज, सहातले चार विक्री आणि सपोर्टमध्ये असतील. तासांचे तक्ते महिन्याच्या महिन्याला भरावे लागतात. सपोर्टच्या माणसाचं नाव संशोधनाच्या तक्त्यात घुसवू नका. मी एका कंपनीचं असलं निस्तरताना पाहिलंय. पैशांपेक्षा नामुष्की मोठी होती.

दोन चांगली माणसं पुण्याहून इथे आणायची तयारी असेल तर गणित बसतं. त्या माणसांच्या पगारावरच्या करात सूट देणारी डब्ल्यूबीएसओ ही योजनाही इथे आहे, तिचीही चौकशी करा; एकाच खर्चावर दोन्ही कितपत घेता येतं ते मात्र सल्लागाराकडून तपासून. ती तयारी नसेल तर भागीदार होऊ नका, उद्योगातले श्रोते म्हणून सल्लागार मंडळावर बसा. त्यालाही मान असतो, आणि बैठकीतलं बरंचसं कानावर पडतं.

आता कोडचं. तुम्हाला वाटतं तेवढी भीती नाही, पण निष्काळजीपणाला माफीही नाही. कन्सॉर्टियमचा, म्हणजे सगळ्या भागीदारांमधला, करार दोन गोष्टी वेगळ्या करतो: तुम्ही घरून आणलेलं, आणि प्रकल्पात तयार झालेलं. जे ज्याने तयार केलं ते त्याचं, हा सर्वसाधारण नियम. घरून आणलेल्यावर इतरांना फक्त प्रकल्पाच्या कामापुरता वापराचा हक्क. गोम आहे ती घरून काय आणलं याच्या यादीत. करारामागे ती परिशिष्ट म्हणून जोडतात, आणि वकील तिला शेवटच्या दिवशी हात लावतात. एका प्रकल्पात आम्ही त्या यादीत लिहिलं ‘सिम्युलेशन सॉफ्टवेअर’. बस. दोन वर्षांनी एका भागीदाराने म्हटलं की तुमचा नवा पार्सर, म्हणजे फायली वाचून समजून घेणारा भाग, प्रकल्पात झालाय, आम्हाला तो हवा. पार्सर प्रकल्पाआधीच्या उन्हाळ्यात लिहिलेला होता. सिद्ध करायला व्हर्जन कंट्रोलचा इतिहास काढावा लागला आणि चार महिने ईमेल झाले. तेव्हापासून माझी यादी अशी असते: मॉड्यूलचं नाव, रिपॉझिटरी, कमिटचा हॅश, तारीख. वकिलांना हसू येतं. येऊ दे.

आणखी एक कलम शोधा: तयार झालेलं तंत्रज्ञान युरोपबाहेर वापरायचं तर परवानगी लागते का. काही देशांच्या अनुदान-अटींत अशी तरतूद असते, आणि तुमचा सगळा धंदा पुण्यातून चालतो. हे डच अटींतही बघा आणि जर्मन भागीदाराच्या अटींतही, कारण त्याची बंधनं करारातून तुमच्या ताटात येऊ शकतात.

याउलट काय द्यायचं हेही आधी ठरवा. इंटरफेस द्या, चाचणीचे नमुने द्या, उदाहरणादाखल मॉडेलं द्या. सॉल्व्हर, मेशिंग, जे तुम्हाला बाजारात वेगळं ठरवतं, ते घरी. गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये २००३ पासून ‘ऑटोसार’ या सामायिक मानकावर काम करणाऱ्या कंपन्या हेच करत आल्यात: मानकावर सहकार्य, अंमलबजावणीत स्पर्धा. पुण्यातल्या वाहन-सॉफ्टवेअरवाल्यांना ते नवं नाही.

मग पुढच्या आठवड्यातल्या कॉलवर काय विचारायचं? जर्मन कंपनीकडून कॉलवर कोण येतं ते आधी बघा. संशोधन विभागाचे डॉक्टरसाहेब एकटेच आले तर त्यांना विचारा, हा प्रश्न सुटला की तुमच्या कंपनीत कुणाची रात्रीची झोप परत येईल, त्यांचं नाव काय, आणि पुढच्या कॉलला ते येतील का. उत्तर ‘आमची डिजिटल रणनीती’ असं असेल तर नम्रपणे फोन ठेवा. उत्तर ‘ब्रेक टेस्टिंगचा अमुक, तो दर मार्चमध्ये तीन आठवडे मॉडेलं हाताने जोडतो’ असं असेल तर पुढे चला. नंतर विचारा की कोणत्या देशाचा निधी अजून अनिश्चित आहे आणि त्या देशाच्या भागीदाराकडे काय काम आहे. तिसरं, प्रकल्प संपल्यावर हे कोण सांभाळणार: मोडेलिका असोसिएशन, एक्लिप्स फाउंडेशन, की ‘नंतर बघू’.

आणि त्या कॉलवर तुमच्याकडून आइंडहोव्हनच्या सेल्स मॅनेजरला एकटं बसवू नका. पुण्यात रात्र होत असली तरी सॉल्व्हर लिहिणाऱ्या बाईंना किंवा बुवांना जोडा. समोरचा ब्रेकवाला बोलायला लागला की पाचव्या मिनिटाला त्यांना कळेल, हे आपल्याला जमणारं आहे की नाही. आणि त्यांना आधीच सांगून ठेवा, दाब कशात आहे ते विचारायला.